फिटरची वही आणि एकस्वाचा कायदा



आपली वसंत व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, ते दिवस सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यांची धुराडी थंड होण्याचे असतात. शेवटची मोळी गव्हाणीत पडते, ऊसतोडीच्या गाड्या बीडकडे परततात, आणि गावाला वाटते की कारखाना बंद झाला. बंद होते ते गाळप. फिटरचे खरे काम त्याच दिवशी सुरू होते. त्याला आम्ही 'ऑफ सीझन' म्हणतो, आणि आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो सारा या दोन शब्दांत सामावलेला आहे. यंत्राची दुरुस्ती केव्हा करायची हे ते मोडण्यापूर्वी ठरवणे, आणि लागणारे सुटे भाग ते लागण्यापूर्वी मागवणे, ही कोणाची मालमत्ता होऊ शकते काय? त्यावर पेटंट मिळते काय? या प्रश्नावर जगात कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. मी वकील नव्हे. माझे शिक्षण दहावी आणि नंतर आयटीआय. पुढचे जे काही, ते कामगार संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी कायदा सांगणार तो फिटरच्या बाजूने सांगणार, हे आधीच कबूल केलेले बरे.

पेटंट या शब्दाला सरकारी मराठीत 'एकस्व' म्हणतात. शब्द चांगला आहे. एकट्याचे स्वत्व, एकट्याची मालकी. आपण मात्र 'त्याचा तो पेटंट विनोद' असे म्हणतो तेव्हा जो विनोद दहादा ऐकलेला आहे त्याला पेटंट म्हणतो. कायद्याला नेमके उलटे हवे असते. जे आधी कोणी ऐकले-पाहिले नाही, त्यालाच पेटंट.

ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उसाचा रस काढतो तो तीन लाटांच्या चरकाने. गुऱ्हाळावर बैलांनी फिरणारा चरक आणि कारखान्यातली गिरणी यांची जात एकच. फरक आकाराचा आणि जोराचा. या लाटांवर, म्हणजे रोलरवर, खाचा असतात. उसाबरोबर माती-वाळू येते, खाचा झिजतात, रस चिपाडातच राहू लागतो. रोलरचा दांडा ज्या ब्रासमध्ये फिरतो ते ब्रास झिजते. बाष्पपात्रांच्या नळ्यांत पापुद्रा धरतो. हे सगळे हंगामात हळूहळू घडत असते, आणि हंगामात थांबायला सवड नसते. कारण तोडलेला ऊस थांबत नाही. तो उन्हात पडून राहिला की त्यातली साखर उतरते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणून गिरणी बंद पडली की चेअरमनपासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळे फिटरच्या पाठीमागे उभे राहतात, आणि प्रत्येकाला काही तरी सुचवायचे असते.

हे टाळायचे तर एप्रिलात गिरणी उघडली की माप घ्यायचे, कुठला रोलर पुढचा हंगाम काढील आणि कुठला काढणार नाही याचा अंदाज बांधायचा, आणि स्टोअरकडे इंडेंट द्यायचे. नवा रोलर दुकानात टांगलेला नसतो; तो ओतावा लागतो, कातावा लागतो, त्याला महिने लागतात. मे महिन्यात चुकलेले इंडेंट दसऱ्याला, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला, उघडे पडते. बॉयलरचे तर कायद्यानेच बांधून दिलेले. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्यावरून बंगालमध्ये १८६४ चा तपासणीचा कायदा आला, आणि पुढे १९२३ च्या बॉयलर कायद्याने साऱ्या देशाला शिस्त लावली: दाखला फार तर बारा महिन्यांचा, मग पुन्हा तपासणी. ठरल्या वेळी यंत्र थांबवून ते तपासणे ही कोणा हुशार कंपनीची युक्ती नसून माणसे मेल्यानंतर आलेले शहाणपण आहे.

आणि त्याही आधीचे पाहायचे तर आपल्या गावगाड्याकडे पाहा. सुतार आणि लोहार यांना बलुते मिळे ते काही एका नांगराच्या दुरुस्तीचे नव्हते. वर्षभर कुणब्याची औते चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावर वाटा घ्यायचा, असा तो ठराव. मृगाच्या आधी फाळ शेवटून घ्यायचा, जू-रुमणे तपासायचे. आजच्या कंपन्या ज्याला वार्षिक देखभालीचा करार म्हणतात तो आमच्या लोहाराला ठाऊक होता. त्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. तीत लोहाराला गाव सोडून जाण्याची किंवा त्याच्या पोराला दुसरा धंदा करण्याची मुभा नव्हती, आणि वाटा किती हे मोजणारा हात त्याचा नव्हता. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर गावोगाव गेले; पण झिजणारा फाळ आणि मृगाची तारीख या दोन गोष्टी जागच्या जागीच राहिल्या.

आता मुद्द्यावर येतो. मी उमेदवारीच्या काळात ज्या मिस्त्रींच्या हाताखाली हेल्पर होतो, त्यांच्याजवळ एक वही होती. कारखान्याचे नाव मी घेत नाही; मिस्त्रींचेही नाही, त्यांना ते आवडणार नाही. लांबट, पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली वही. तीत दर ऑफ सीझनला प्रत्येक गिरणीच्या प्रत्येक रोलरचे माप, ब्रास केव्हा बदलले, किती ऊस गाळून बदलले, माल कोणी दिला आणि किती उशिरा दिला, हे सगळे. त्यावरून ते सांगत, 'पोरा, तिसऱ्या गिरणीचा वरचा रोलर औंदा दगा देणार, आत्ताच मागवून ठेव.' आणि बहुधा तसेच होई. निवृत्तीला दोन वर्षे असताना बाहेरची एक कंपनी संगणकाची नवी पद्धत बसवायला आली. त्यांच्या तरुण इंजिनिअरांनी मिस्त्रींना चहा पाजला, आदराने बोलले, वही मागितली, आणि तिची पाने मोबाइलवर टिपून घेतली. पुढच्या वर्षी तीच मापे, तेच अंतर, तोच मागणीचा महिना पडद्यावर रंगीत दिसू लागला, आणि कारखान्याने त्यासाठी दरवर्षी पैसे भरायचे ठरले. त्यांच्या माहितीपत्रकावर एक ओळ होती: या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आहे. मिस्त्रींनी ते पत्रक मला वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. ते म्हणाले, 'म्हंजे उद्या मी वही उघडली तर चोर मी का?'

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी वाचायला लागलो.

पेटंटाचा उगम पाहिला तर आश्चर्य वाटते. इंग्लंडचे राजे मीठ, पत्ते असल्या वस्तूंचे मक्ते आपल्या मर्जीतल्या लोकांना देत. लोक वैतागले, आणि १६२४ साली पार्लमेंटने कायदा करून मक्ते मोडून काढले. एक अपवाद ठेवला: जो खरोखर नवी वस्तू बनवील त्याला चौदा वर्षे. चौदाच का? उमेदवाराची मुदत सात वर्षांची. तेव्हा उमेदवारांच्या दोन पिढ्या शिकून तयार होईपर्यंत, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे ज्या कायद्याची आज कामगाराला धास्ती वाटते त्याचे मापच मुळी कामगाराच्या शिकण्याने घेतलेले होते.

आपल्याकडे हा कायदा १८५६ साली आला, आणि त्या वर्षी ३ मार्चला पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनिअराचा: पंखा ओढण्याचे यंत्र. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा रात्रभर दोरीने ओढणारा माणूस आपल्याला चित्रांतून ठाऊक आहे. हिंदुस्थानातल्या पेटंटांच्या यादीत पहिला अर्ज त्या माणसाच्या जागी यंत्र बसवण्याचा आहे. मी त्यावर रागावत नाही. ते काम माणसाने करावे असे नव्हतेच. पण ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो कायदा राणीच्या मंजुरीवाचून केला म्हणून पुढल्याच वर्षी मोडीत निघाला आणि १८५९ साली नवा करावा लागला.

त्याच मार्च १८५६ मध्ये, अमेरिकेत, फ्रेडरिक टेलर जन्मला. कामगार चळवळीत याचे नाव शिवीसारखे घेतात. मीही घेत होतो. नंतर त्याचे लिखाण वाचले आणि माझ्या मताला थोडी मुरड पडली. हा श्रीमंत घरचा मुलगा स्वतः उमेदवारी करून यंत्रशाळेत शिरला होता. मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने यंत्रे फिरवणाऱ्या चामडी पट्ट्यांची नऊ वर्षे नोंद ठेवली, आणि १८९३ साली यांत्रिक इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. त्याचे सार असे की पट्टा घसरेपर्यंत वाट पाहू नका; ठरलेल्या मुदतीने, मापाने, ताणून घ्या. १९०३ च्या त्याच्या पुस्तकात तर तारखेवार चिठ्ठ्यांची पेटी सांगितलेली आहे: ज्या दिवशी जे यंत्र तपासायचे त्याची चिठ्ठी त्या दिवशी वर यावी. आज संगणक जे करतो त्याचे हे मूळ, कागदाचे आणि पेटीचे.

गंमत पुढे आहे. टेलर पेटंट घेणारा माणूस होता. बेथलेहेमच्या कारखान्यात मॉन्सेल व्हाइट याच्यासह त्याने कापणीच्या हत्यारांचे पोलाद फार उष्णतेवर तापवण्याची रीत काढली आणि १९०१ साली तिचे पेटंट घेतले. त्या रीतीने जगातल्या लेथांचा वेग बदलला. तरीही १९०९ साली अमेरिकन न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. यात नवे असे पुरेसे नाही म्हणून. आणि चिठ्ठ्यांच्या पेटीची रीत मात्र त्याने छापून सगळ्यांपुढे ठेवली. पोलादाची रीत कोर्टात गेली, देखभालीची रीत पुस्तकात गेली. पण थांबा. टेलरने ती कोणापासून शिकली? पट्टे शिवणाऱ्या, ताणणाऱ्या माणसांच्या हातांखाली नऊ वर्षे नोंद झाली होती. त्यांचे ज्ञान घ्यायला त्याला पेटंट लागलेच नाही. ते त्याने कार्डावर उतरवले, कार्ड कचेरीत नेले, आणि पुढे काय करायचे ते कचेरी सांगू लागली. १९११ साली वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रशाळेत ओतारी कामगार संपावर गेले ते याच पद्धतीचे घड्याळ त्यांच्या डोक्यावर उभे राहिले म्हणून. मिस्त्रींच्या वहीचे जे झाले ते मला इथे सापडले.

अमेरिकेतल्या खटल्यांचा इतिहास मी भराभर सांगतो. १९०८ साली तिथे एक मजेचा दावा झाला. हॉटेलातल्या वेटरांनी पैशात गडबड करू नये म्हणून हिशेबाच्या चिठ्ठ्यांची एक पद्धत कोणी पेटंट केली होती. न्यायालय म्हणाले, धंदा करण्याची पद्धत ही काही वस्तू किंवा कला नव्हे. १९७८ साली फ्लूक नावाच्या माणसाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. तेलशुद्धीच्या क्रियेत धोक्याची घंटा कोणत्या आकड्याला वाजावी हे गणिताने बदलत ठेवण्याची त्याची रीत होती, म्हणजे आमच्या विषयाची सख्खी बहीण. न्यायालयाने तीही नाकारली. मग १९९८ साली वारे फिरले. स्टेट स्ट्रीट बँकेच्या खटल्यात अपील न्यायालयाने धंद्याच्या पद्धतीला दार उघडून दिले आणि अर्जांचा पूर आला. एक बटण दाबून माल मागवण्याच्या रीतीवर १९९९ साली पेटंट निघाले आणि महिन्याभरात ॲमेझॉनने दुसऱ्या पुस्तकविक्या कंपनीवर दावाही लावला! २०१४ च्या अ‍ॅलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते दार बरेचसे ओढून घेतले: जुनी कल्पना संगणकावर चढवली म्हणून ती नवी होत नाही. २०१६ मध्ये विजेच्या जाळ्यावर देखरेख करण्याची एक रीत अपील न्यायालयाने याच कारणाने फेटाळली. माहिती गोळा करणे, ती चाळणे आणि दाखवणे, एवढ्यावर मालकी नाही.

आपल्या देशात काय झाले ते मात्र सावकाश सांगण्याजोगे आहे. स्वातंत्र्यानंतर १९११ चा इंग्रजी कायदा तपासायला न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांना नेमले. त्यांचा अहवाल १९५९ चा, आणि त्यावर १९७० चा कायदा उभा राहिला. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक खटला, आणि तो मिर्झापूरच्या भांड्यांचा आहे. पितळेची उथळ भांडी लेथवर चढवून खरवडायची आणि चकाकी द्यायची. जुन्या रीतीत भांडे एका बाजूने चिकटवीत किंवा चकच्या जबड्यात धरीत. दुसऱ्या बाजूला आधार नसे. फिरता फिरता भांडे उडे आणि कामगाराच्या अंगावर येई. एका कारखान्याने दुसऱ्या बाजूनेही दाब देऊन भांडे धरण्याची सोय केली आणि तिचे पेटंट मिळवले. दुसरा कारखाना तेच करू लागला म्हणून दावा झाला. तो डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. न्यायमूर्ती सरकारिया यांच्या निकालाचा आशय असा: जे आधीपासून ठाऊक आहे त्यात कसबी माणसाने केलेली कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, पेटंटाला त्याहून अधिक काही लागते. पेटंट रद्द झाले.

हा निकाल वाचताना मी दोन वेळा थांबलो. एकदा आनंदाने, कारण फिटर रोज करतो ती सुधारणा कोणी कुलपात घालू शकत नाही असे त्यात आहे. आणि एकदा खिन्न होऊन. कारण निकालभर दोन मालक भांडतात, आणि भांडे ज्याच्या अंगावर उडत होते तो माणूस त्या दाव्यात पक्षकार नाही.

पुढे जागतिक व्यापार कराराच्या ओघात कायदा बदलला. २००२ च्या दुरुस्तीने, जी मे २००३ पासून अमलात आली, कलम ३ मध्ये 'के' हे पोटकलम घातले: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता संगणकाचा प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम, यांना शोध म्हणायचे नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून प्रोग्रॅमच्या बाबतीत हे कलम सैल करून पाहिले. २००५ च्या कायद्यात संसदेने तो बदल घेतला नाही. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की धंद्याच्या पद्धतीवरची ही बंदी सरसकट आहे. यंत्राला बसवलेला एखादा नवा संवेदक, नवी जोडणी, यांवर पेटंट मिळू शकते आणि मिळावे. ज्याने खरोखर डोके चालवले त्याच्या पोटावर पाय द्यावा असे कोणताही कामगार म्हणणार नाही. पण माप कधी घ्यायचे आणि माल कधी मागवायचा, एवढीच नुसती रीत असेल तर तिला आपल्या देशात पेटंट नाही. मिस्त्रींना मी हेच सांगितले: तुम्ही चोर नाही.

ते म्हणाले, 'मग ती वही त्यांनी नेली त्याचं काय?'

इथे कायदा गप्प बसतो. पेटंट नसले म्हणून वहीची किंमत फिटरला मिळते असे नाही. कंपनीला पेटंटाची गरजच काय? कारखान्याशी करार झाला, आकडे तिच्या यंत्रात गेले, पुढचे आकडेही आपोआप तिच्याकडे जाऊ लागले; चार वर्षांनी कारखान्याला कंपनी सोडायची म्हटली तर मागचा सारा इतिहास सोडावा लागतो. टेलरची कार्डे निदान त्याच कारखान्याच्या कचेरीत राहिली होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कारखानाही म्हणू शकतो की मापे कारखान्याच्या वेळेत, कारखान्याच्या यंत्रांवर घेतलेली, तर वही तुमची कशी? या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कागद पगाराच्या वेळेत भरला. पण पान कसे वाचायचे ते मिस्त्रींनी घरी, रात्री, कंदिलाखाली शिकून घेतले होते, आणि त्याचा जादा भत्ता कोणी दिला नव्हता.

संघटनेच्या हातात एक गोष्ट होती, ती आम्ही केली. पेटंटाचा अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि कलम २५ प्रमाणे पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही त्याला हरकत घेऊ शकतो. कोणीही, म्हणजे फिटरसुद्धा. आता त्याला फी लागते, पण दार बंद नाही. मुंबईच्या कॅन्सरग्रस्तांच्या संस्थेने अशीच हरकत एका परदेशी औषधकंपनीच्या अर्जावर घेतली होती, आणि ते प्रकरण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या विरुद्ध संपले. हरकतीची जी कारणे कायद्यात दिली आहेत त्यांत पहिले असे की अर्जदाराने शोध दुसऱ्याकडून गैरमार्गाने मिळवला; आणि पुढची अशी की ही गोष्ट आधीच प्रसिद्ध होती, आधीच वापरात होती. आम्ही त्या कंपनीला पत्र लिहून अर्जाचा क्रमांक मागितला. उत्तर आले नाही. दुसरे पत्र लिहिले. त्यानंतरच्या माहितीपत्रकात ती ओळ नव्हती. करार मात्र राहिला.

'आधीच प्रसिद्ध' हे शब्द माझ्या डोक्यात बसले. मी मिस्त्रींना म्हटले, वहीची एक प्रत काढू, बांधून घेऊ आणि वाचनालयात ठेवू. कोणालाही मागून पाहता आली म्हणजे ती प्रसिद्ध झाली. मग तिच्यातली रीत माझी नवी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकांनाही विचारले. त्यांनी खांदे उडवले आणि जुनी मापे घेऊन कोण काय करणार म्हणाले, ती आमच्या लेखी परवानगीच झाली. मिस्त्री दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, ठेवा, पण पहिल्या पानावर माझे एकट्याचे नाव नको. माप मी लिहिले, पण रोलरखाली आडवे होऊन कॅलिपर धरणारा दर साली दुसरा होता. त्यांची नावे घाला. आम्ही दोघे त्यांच्या ओट्यावर बसलो आणि साल धरून आठवू लागलो. दोन नावे काही केल्या आठवेनात. ती त्यांच्या पत्नीला आठवली, कारण ती पोरे डबा न आणता यायची. संध्याकाळपर्यंत सव्वीस नावे झाली. एकोणिसावे माझे आहे.